चुंबकी पाणी-रेणूंचा संच: हायड्रोजन बंध हाताला कळतो, सहसंयुज बंध झाकलेला राहतो

पाण्यात दोन प्रकारचे बंध असतात आणि शिकणाऱ्याच्या डोक्यात त्यांची हमखास सरमिसळ होते. एका रेणूच्या आत ऑक्सिजनला दोन हायड्रोजन बांधून ठेवतो तो सहसंयुज बंध. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो तो हायड्रोजन बंध. पाणी उकळताना नेमकं काय तुटतं, असं विचारलं तर मोठ्या वर्गांतली मुलंही ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात’ असं सांगतात. फळ्यावर पहिला बंध सलग रेघेने आणि दुसरा तुटक रेघेने काढला तरी ही चूक जात नाही, कारण दोन्ही शेवटी रेघाच दिसतात.

चुंबक बसवलेल्या पाण्याच्या रेणूंचा संच या एका कामासाठी घ्यावा, आणि त्या कामात तो फार चांगला आहे. लाल रंगाचा ऑक्सिजन, त्यात घट्ट बसवलेले दोन पांढरे हायड्रोजन, हायड्रोजनच्या टोकांना एक ध्रुव बाहेर आणि ऑक्सिजनच्या मागच्या बाजूला विरुद्ध ध्रुव बाहेर, अशी रचना. बारा रेणूंच्या संचात बहुतेक वेळा मिठातले सोडियम व क्लोराइड आयन (विद्युतभार असलेले अणू) आणि इथेन किंवा इथेनॉलचा एखादा रेणूही येतो. हे परीक्षण एका कंपनीचं नाही, या धाटणीच्या संचाचं आहे. चांगला नमुना आणि फसवा नमुना बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून आधी तपासणीचं बोलू.

हातात आल्यावर काय तपासायचं

सर्वात आधी चुंबकांची दिशा. एखादा चुंबक उलटा बसलेला असणं हा या वस्तूचा नेहमीचा दोष आहे आणि तो नजरेला दिसत नाही. एक रेणू नमुना म्हणून बाजूला काढा. त्याचा एक हायड्रोजन बाकीच्या प्रत्येक रेणूच्या ऑक्सिजनवरच्या दोन्ही जागांना लावून पाहा, तिथे ओढ हवी. मग तोच हायड्रोजन प्रत्येक रेणूच्या दोन्ही हायड्रोजनांना लावून पाहा, तिथे ढकल हवी. ऑक्सिजन-ऑक्सिजन जोडीतही ढकलच हवी. आयन असतील तर सोडियम ऑक्सिजनला चिकटला पाहिजे आणि हायड्रोजनला दूर सारला पाहिजे. क्लोराइडचं बरोबर उलट. एकही चुंबक उलटा निघाला तर संच बदलून घ्यावा. तसा रेणू वर्गात गेला की विद्यार्थी हातातल्या अनुभवावर विश्वास ठेवून चुकीचं शिकतो, आणि हाताने शिकलेलं चुकीचं ज्ञान पुसणं कठीण असतं.

दुसरी तपासणी ऑक्सिजनच्या मागच्या बाजूची. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन. त्यांतले दोन बंधांत जातात, प्रत्येक हायड्रोजनबरोबर एकेक. उरलेले चार इलेक्ट्रॉन दोन एकाकी जोड्यांच्या रूपात राहतात. म्हणजे पाण्याचा एक रेणू दोन हायड्रोजन देऊ करतो आणि दोन हायड्रोजन स्वीकारू शकतो, एकूण चार शेजारी. स्वस्तातल्या काही संचांत ऑक्सिजनच्या पाठीवर मधोमध एकच चुंबक असतो. असा रेणू एकच हायड्रोजन धरतो, दुसरा सरकून पडतो, आणि हाती फक्त साखळ्या येतात. बर्फाची जाळी त्यातून बनणंच शक्य नाही. दोन स्वतंत्र चुंबक नसतील तर संच घेऊ नका. बाकी सगळं उत्तम असलं तरी नको. खऱ्या रेणूत इलेक्ट्रॉनांचा ढग ऑक्सिजनच्या पाठीवर बराच पसरट असतो, सशाच्या कानांसारखे दोन वेगळे फुगवटे काढलेली चित्रं हे सुलभीकरण आहे, हे खरं. पण बर्फात शेजारी नेमके चार आणि चार दिशांना असतात, आणि त्यासाठी दोन जागा लागतातच.

तिसरी तपासणी कोनाची. पाण्याच्या सुट्या रेणूतला बंधकोन १०४.५ अंश आहे. चतुष्फलकाचा, म्हणजे केंद्रापासून चार दिशा एकमेकींपासून सारख्या दूर असलेल्या रचनेचा, आदर्श कोन १०९.५ अंश, पण एकाकी जोड्या बंधातल्या जोड्यांपेक्षा जास्त जागा व्यापतात आणि दोन्ही हायड्रोजन किंचित जवळ ढकलतात, अशी त्या पाच अंशांच्या फरकाची नेहमीची समजूत दिली जाते. मॉडेल छोटं असल्याने कोनमापक टेकवून हा फरक कळत नाही. केंद्रापासून एक मिलिमीटर चुकलं की दोन-तीन अंश जातात. त्यावर सोपा उपाय आहे. चपट्या डोक्याचे दोन लोखंडी खिळे, साधारण ५ सेंटीमीटर लांबीचे, दोन्ही हायड्रोजनांच्या चुंबकांवर डोक्याच्या बाजूने चिकटवा. रेणू टेबलावर आडवा ठेवून खिळ्यांखाली आगपेटीचा आधार द्या, नाहीतर ते झुकतात. जाड पुठ्ठ्यावर १२.९ सेंटीमीटर पाया आणि ५ सेंटीमीटर उंची असलेला समद्विभुज त्रिकोण कापा. त्याच्या शिखराचा कोन १०४.५ अंश भरतो. तो वरून धरला की खिळे त्याच्या बाजूंना समांतर आहेत का ते लगेच दिसतं. तुलनेसाठी १४.१ सेंटीमीटर पाया आणि तीच ५ सेंटीमीटर उंची घेतली की १०९.५ अंशांचा त्रिकोण मिळतो. पुष्कळ संच दुसऱ्या त्रिकोणाशी जुळतात, कारण कार्बनसाठी केलेला साचाच ऑक्सिजनला वापरलेला असतो. हा दोष आम्ही गंभीर मानत नाही. पण वर्गात कोन मोजायला लावणार असाल तर आधी स्वतः मोजून ठेवा.

चौथी, ओढीची ताकद. एक रेणू हातात धरा आणि त्याच्याखाली एकेक रेणू जोडत साखळी लोंबकळू द्या. सहा रेणूंची साखळी टिकली पाहिजे, आणि बोटांनी हलकेच ओढल्यावर सुटलीही पाहिजे. चुंबक फार दुबळे असतील तर पुढे बर्फाचा पिंजरा स्वतःच्या वजनाने कोसळतो. फार जोरदार असतील तर रेणू हाताबाहेर उसळतात, भलत्याच रेणूला जाऊन चिकटतात आणि कडं बांधणं अशक्य होतं. चुंबक थोडा खोलगट खाचेत बसवलेला असेल तर उत्तम, कारण मग हायड्रोजन त्या खाचेत बसतो आणि ऑक्सिजन-हायड्रोजन-ऑक्सिजन ही रांग सरळ राहते. सपाट जागेवर हायड्रोजन घसरतो आणि बंध वाकडा होतो. खरा हायड्रोजन बंध सरळ रेषेत असतानाच सर्वात बळकट असतो, त्यामुळे ही केवळ हाताळणीची सोय नाही.

आयनांचे आकारही पाहून घ्या. सोडियम आयनाची त्रिज्या सुमारे १०२ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा लक्ष-कोटीवा भाग), क्लोराइडची १८१. सोडियमने इलेक्ट्रॉन गमावल्यामुळे तो लहान, क्लोराइडने मिळवल्यामुळे तो मोठा. काही संचांत सोडियमचा गोळा मोठा असतो. तिथे आयनाऐवजी अणूचं माप घेतलं आहे असं समजावं.

उकळण्याचा प्रयोग

दोन लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या. काचेची नको, चुंबकी तुकडे जोरात आपटतात. बारा रेणू आत टाका, झाकण लावा. हळू हलवलं तर रेणू गुच्छ करून फिरतात, एक जोड सुटतो तेवढ्यात दुसरा लागतो. हे द्रवाचं चित्र. जोर वाढवला की गुच्छ फुटून रेणू सुटे उडू लागतात. हे वाफेचं. मग बरणी उघडून प्रत्येक रेणू तपासायला सांगा: एकाही ऑक्सिजनचा हायड्रोजन निघालेला नसतो. उकळण्याने काय तुटतं आणि काय तुटत नाही, हे एवढ्यातच समजतं, आणि या संचाची सगळी किंमत या प्रयोगात वसूल होते असं आमचं मत आहे.

याच वेळी आकडे सांगावेत, नाहीतर खेळ होऊन राहतो. ऑक्सिजन-हायड्रोजन सहसंयुज बंधाची सरासरी ऊर्जा सुमारे ४६३ किलोजूल प्रति मोल (मोल म्हणजे रेणू किंवा बंध मोजण्याची ठरलेली मोठी संख्या; एक मोल पाणी म्हणजे सुमारे १८ ग्रॅम). हायड्रोजन बंधाची पाण्यात सुमारे २० ते २५. म्हणजे जवळपास वीसपटींचा फरक. १०० अंश सेल्सिअसला एक मोल पाण्याची वाफ करायला ४०.७ किलोजूल लागतात. तेवढ्याच पाण्यातले सगळे सहसंयुज बंध तोडायचे तर ९२६ च्या आसपास लागतील. शेगडीवरचं भांडं तेवढी ऊर्जा देत नाही, म्हणून वाफेतही रेणू अख्खेच असतात.

वितळण्याचा आकडा त्याहून बोलका आहे. एक मोल बर्फ वितळायला ६.०१ किलोजूल पुरतात, आणि त्याच बर्फाची थेट वाफ करायला सुमारे ५१. म्हणजे बर्फातली बांधणी पूर्ण सोडवायला लागणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम आठवा भाग वितळताना खर्च होतो. द्रव पाण्यात हायड्रोजन बंध बहुतांशी शाबूतच असतात. फरक इतकाच की ते सतत साथीदार बदलतात, आणि ही अदलाबदल पिकोसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या लक्ष-कोटीव्या भागांच्या मापाने चालते. बरणी हळू हलवताना दिसणारे गुच्छ म्हणून महत्त्वाचे. तिथेच थोडं थांबून मुलांना ते पाहू द्यावेत, लगेच जोर वाढवू नये.

एक सूचना: काही संचांत हायड्रोजनही ऑक्सिजनपासून चुंबकानेच सुटतो, आणि जाहिरातीत ती सोय म्हणून सांगितलेली असते. पाण्याचं स्वयं-आयनीभवन, म्हणजे रेणूचं आपोआप आयनांत फुटणं, दाखवता येतं, असा दावा. पण मग बरणीत जोर वाढवल्यावर आतले बंधही तुटतात आणि वरचा सगळा प्रयोग उलटा धडा देतो. २५ अंशांना पाण्यातल्या दर ५५ कोटी रेणूंमागे सरासरी एकच रेणू आयनांत फुटलेला असतो. बारा रेणूंच्या संचात तो दाखवण्याची गरज नाही. घट्ट हायड्रोजनांचाच संच घ्यावा.

बर्फाचा पिंजरा

इथे खरी मजा आहे आणि खरी खटपटही. बारा रेणूंत बर्फाच्या षट्कोणी जाळीतला एक पूर्ण पिंजरा बनतो: सहाचं एक कडं खाली, सहाचं एक वर, मध्ये तीन उभे जोड. एकूण पंधरा हायड्रोजन बंध. संचाबरोबर येणाऱ्या पत्रकात बहुधा नुसतं चित्र असतं, क्रम नसतो, आणि क्रमाशिवाय हे जमणं कठीण.

खालच्या कड्यापासून सुरुवात करा. प्रत्येक रेणूने आपला एक हायड्रोजन पुढच्या रेणूच्या ऑक्सिजनला द्यायचा, आणि मागच्याचा एक घ्यायचा. सहाही जण एकाच दिशेने देत गेले की कडं पूर्ण होतं. ते सपाट ठेवायचं नाही. एक आड एक रेणू वर उचलायचा: तीन टेबलाला टेकलेले, तीन थोडे उंच. उंच रेणूंखाली खोडरबराचे तुकडे ठेवले तर हात मोकळे राहतात. आता प्रत्येक रेणूकडे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजनची जागा शिल्लक आहे. त्यांतली एक उभी असेल, एक बाहेरच्या बाजूला. तिन्ही उंच रेणूंचा शिल्लक हायड्रोजन सरळ वर वळवायचा.

वळवताना अडतं ते इथेच. रेणू त्याच्या पुढच्या बंधाभोवती फिरवायचा असतो, आणि तसं फिरवताना त्याला बसण्याच्या तीन स्थिती मिळतात. दोन स्थितींत कडं जुळलेलं राहतं: एकीत शिल्लक हायड्रोजन वर, दुसरीत बाहेर. तिसऱ्या स्थितीत तो मागच्या रेणूच्या हायड्रोजनासमोर येतो, दोघं एकमेकांना ढकलतात आणि कडं उसवतं. बहुतेकजण इथे चुंबक बिघडला असं समजून संच बाजूला ठेवतात. चुंबक ठीक असतो, रेणू १२० अंशांनी आणखी फिरवायचा असतो.

वरचं कडं वेगळं बांधा. ते खालच्याचं आरशातलं प्रतिबिंब हवं: जिथे खालच्या कड्यातला रेणू उंच, तिथे वरच्या कड्यातला खाली झुकलेला. या तीन झुकलेल्या रेणूंची ऑक्सिजनची मोकळी जागा सरळ खाली यायला हवी, त्यांचा शिल्लक हायड्रोजन बाहेर. मग वरचं कडं दोन्ही हातांनी सपाट धरून तिन्ही जोड एकाच वेळी टेकवा. एकेक करून लावायला गेलात तर पहिल्या जोडाभोवती सगळं कडं गरकन फिरतं.

झाल्यावर मोजून पाहा. बारा रेणूंचे चोवीस हायड्रोजन. पंधरा बंधांत गुंतलेले, नऊ बाहेर मोकळे. ऑक्सिजनच्या चोवीस जागा. पंधरा भरलेल्या, नऊ रिकाम्या. मोजणी जुळली नाही तर कुठेतरी जोड नुसता टेकलेला आहे, लागलेला नाही. वरून पाहिलं तर षट्कोणाच्या मधून आरपार दिसतं. बर्फाची घनता ०.९१७ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आणि ० अंशाच्या पाण्याची ०.९९९८, म्हणजे गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. ती जागा या पोकळीत आहे. एक-दोन जोड सोडवून पिंजरा बोटांनी हलकेच दाबला की रेणू त्या पोकळीत शिरतात आणि आकारमान घटतं. पाण्याच्या असंगत आचरणाचा पहिला अर्धा भाग, म्हणजे बर्फ वितळून ४ अंशांपर्यंत तापताना आकारमान घटणं, इतक्या सरळपणे दुसऱ्या कुठल्या साधनात दिसत नाही. दुसरा अर्धा, म्हणजे ४ अंशांनंतर तापवल्यावर पाणी पुन्हा का पसरतं, तो मात्र या संचात येत नाही. त्यासाठी रेणूंची वाढती हालचाल लागते, आणि टेबलावरचा पिंजरा स्थिर असतो.

पुढच्या वर्गांसाठी या पिंजऱ्यात आणखी एक मोठी गोष्ट दडलेली आहे. दर दोन ऑक्सिजनांच्या मध्ये नेमका एक हायड्रोजन हवा, आणि प्रत्येक ऑक्सिजनजवळ नेमके दोन हवेत: हे नियम बर्नाल आणि फाउलर या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये मांडले. संचात ते कोणी न सांगता पाळले जातात, कारण समोरासमोर आलेले दोन हायड्रोजन एकमेकांना ढकलतात. पण नियम पाळूनही हायड्रोजनांची मांडणी अनेक प्रकारे करता येते. कड्यातल्या रेणूंची देण्याची दिशा उलटी करून पाहा, पिंजरा तितकाच चांगला उभा राहतो. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये हीच मोजदाद केली. एका रेणूला चार दिशांपैकी दोन हायड्रोजनांसाठी निवडायचे सहा मार्ग. त्यांतला दर हायड्रोजन शेजाऱ्याशी जुळण्याची शक्यता निम्मी, म्हणून दोन हायड्रोजनांसाठी एक चतुर्थांश. सहाचा चौथा भाग दीड. म्हणजे दर रेणूमागे दीड मांडणी. त्यावरून बर्फात निरपेक्ष शून्याजवळही ३.३७ जूल प्रति मोल प्रति केल्विन एवढी एन्ट्रॉपी, म्हणजे किती मांडण्या शक्य आहेत याचं माप, उरली पाहिजे. जिओक आणि स्टाउट यांनी १९३६ मध्ये मोजलेली किंमत याच्याशी जुळली. हे सगळं महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला प्लास्टिकच्या बारा तुकड्यांवर समजावता येतं, याचं आम्हाला फार कौतुक वाटतं.

जिथे संच कमी पडतो

सर्वात मोठी उणीव सहसंयुज बंधाची. हायड्रोजन ऑक्सिजनला डिंकाने किंवा साच्यातच जोडलेला; तो का जोडला गेला, याची काहीच खूण नाही. वर्गात ‘पाण्यातले बंध’ म्हणून हा संच काढला तर अर्धा विषय झाकलेलाच राहतो. त्यावर उपाय हातचा आहे: दोन रंगांच्या छोट्या गोल टिकल्या. प्रत्येक जोडाच्या सांध्यावर दोन टिकल्या चिकटवा, एक ऑक्सिजनच्या रंगाची, एक हायड्रोजनच्या. मागच्या दोन्ही चुंबकांशेजारी ऑक्सिजनच्या रंगाच्या दोन-दोन. ऑक्सिजनभोवती आठ टिकल्या होतात, त्यांतल्या सहा त्याच्या स्वतःच्या. सांध्यावरची जोडी किंचित ऑक्सिजनकडे सरकवून लावली की ध्रुवीयतेचंही काम होतं. ऑक्सिजनची विद्युतऋणता ३.४४, हायड्रोजनची २.२०, सामाईक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जास्त ओढले जातात, म्हणून हायड्रोजनवर थोडा धन भार आणि ऑक्सिजनवर थोडा ऋण भार येतो. चुंबकाचे ध्रुव या भारांचं सोंग घेतात, इतकंच.

आणि ते सोंग आहे हे पहिल्याच मिनिटात सांगावं लागतं. नाहीतर पाण्याचे रेणू छोटे चुंबक असतात अशी समजूत घट्ट बसते. हे आकर्षण विद्युतभारांचं आहे. खरं पाणी प्रतिचुंबकीय आहे, म्हणजे चुंबक त्याला अगदी क्षीणपणे दूरच सारतो.

आकाराच्या बाबतीतही एक अडचण आहे आणि ती कुठल्याच कंपनीला पूर्ण टाळता येणार नाही. १ सेंटीमीटर म्हणजे १०० पिकोमीटर असं प्रमाण धरा, म्हणजे दहा कोटीपट मोठं मॉडेल. ऑक्सिजनची बाह्य त्रिज्या १.५२ सेंटीमीटर, हायड्रोजनची १.२, आणि दोघांच्या केंद्रांतलं अंतर ०.९६. आता दोन रेणू चुंबकाने जोडले तर एका ऑक्सिजनच्या केंद्रापासून दुसऱ्याच्या केंद्रापर्यंत ०.९६, १.२ आणि १.५२ मिळून ३.६८ सेंटीमीटर अंतर पडतं. खऱ्या बर्फात हे अंतर २७६ पिकोमीटर, म्हणजे २.७६ सेंटीमीटर असायला हवं. हायड्रोजन बंधात दोन अणू एकमेकांच्या नेहमीच्या हद्दीत बरेच आत शिरतात, आणि घट्ट प्लास्टिकचे गोळे तसं करू शकत नाहीत. त्यामुळे मॉडेलमधला बर्फ खऱ्यापेक्षा तृतीयांशाने लांबट दिसतो. काही उत्पादक हायड्रोजनचं टोक सपाट कापून आणि ऑक्सिजनला खाच देऊन हे अंतर कमी करतात. तसा संच मिळाला तर तो घ्यावा. खाच असण्याचं हे आणखी एक कारण. पण मॉडेलवर मापं घेऊन बर्फाची घनता काढायला कोणी लावू नये.

चुंबकाची ताकद ठरलेली असते, हाही फरक लक्षात ठेवावा. खऱ्या पाण्यात एक हायड्रोजन बंध लागला की रेणूची ध्रुवीयता वाढते आणि पुढचा बंध अधिक बळकट लागतो. सुट्या रेणूचा द्विध्रुव आघूर्ण, म्हणजे ध्रुवीयतेचं माप, १.८५ डिबाय (त्या मापाचं एकक) आहे, द्रवात तो याहून बराच मोठा होतो. संचातला बारावा रेणू पहिल्याइतक्याच ओढीने लागतो.

इथेनचा रेणू असेल तर तो चुंबकाविना असतो आणि पाणी त्याला चिकटत नाही. इथेनॉलचं हायड्रॉक्सिल टोक मात्र चिकटतं. प्रयोग छान आहे, इथेन इथे तेलाची जागा घेतो, पण ‘तेलाला पाणी ढकलतं’ असा निष्कर्ष निघू देऊ नका. इथेन आणि पाणी यांच्यातही क्षीण आकर्षण असतं. पाण्याचे रेणू एकमेकांना जास्त धरतात, म्हणून इथेन बाजूला राहतो. मीठ विरघळण्याचा भाग सरळ आहे: सोडियमभोवती ऑक्सिजन आत तोंड करून, क्लोराइडभोवती हायड्रोजन आत तोंड करून. प्रत्येकी साधारण सहा रेणू लावावेत. बारा रेणू दोन्ही आयनांना बरोबर पुरतात.

गोळे आणि काड्यांचा संच घ्यावा का?

बर्फाची जाळी हाच मुख्य विषय असेल तर हो. काड्यांच्या संचात ऑक्सिजनला चार छिद्रं असतात, सहसंयुज बंधाला आखूड काडी आणि हायड्रोजन बंधाला लांब काडी वापरता येते. ०.९६ आणि १.८ सेंटीमीटर असं केंद्रांतलं अंतर साधलं की २.७६ चं खरं प्रमाण मिळतं, आणि तीस-चाळीस रेणूंची जाळी हलवली तरी मोडत नाही. पण काडी लावावी लागते, रेणू स्वतःहून ओढला जात नाही. दोन्ही बंध हाताला सारखेच घट्ट लागतात, आणि सुरुवातीला सांगितलेली सरमिसळ तिथे उलट पक्की होते. शाळेसाठी चुंबकी संच आधी. स्फटिकरचना शिकवणाऱ्या महाविद्यालयाने दोन्ही ठेवावेत. एका टेबलावर चार जण आणि बारा रेणू हे प्रमाण बरं. त्याहून जास्त हात झाले की पिंजरा बांधून होत नाही.

वापर आणि निगा

यात निओडिमियमचे चुंबक असतात आणि ते ठिसूळ असतात. रेणू फरशीवर पडले की आतला चुंबक तडकू शकतो, ओढ कमी होते आणि बाहेरून काही दिसत नाही. वरची साखळीची चाचणी अधूनमधून करत राहावी. सैल झालेला चुंबक हा खरा धोका आहे. असे दोन चुंबक लहान मुलाच्या पोटात गेले तर आतड्याच्या दोन पदरांना मध्ये पकडून ते भोक पाडू शकतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. त्यामुळे चुंबक डगमगला की तो तुकडा त्याच दिवशी बाजूला काढायचा, आणि लहान मुलांच्या हाती संच द्यायचाच नाही. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने तो छातीजवळ नेऊ नये.

चुंबक पुन्हा बसवायचा तर काढण्याआधीच त्याच्या बाहेरच्या तोंडावर पेनाने खूण करा आणि चांगल्या रेणूच्या हायड्रोजनने दिशा पडताळा. दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद वापरा. तो पूर्ण वाळेपर्यंत दुसरा रेणू जवळ आणू नका, नाहीतर ओला चुंबक खाचेतून उपटून निघतो. उकळत्या पाण्यात धुऊ नये. साध्या निओडिमियम चुंबकाची ताकद ८० अंशांच्या पुढे कायमची उतरू लागते, आणि सांध्यातून आत गेलेल्या ओलीने त्याच्यावरचा निकेलचा थर उडून गंज चढतो. ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करणं पुरेसं आहे. ठेवताना सहा-सहा रेणूंची कडी जोडून ठेवली तर चुंबक एकमेकांवर आपटत नाहीत, आणि संच परत आल्यावर एखादा रेणू हरवला असेल तर उघडं कडं पाहून लगेच कळतं.